पाचच गोळ्या

मोंटानाच्या डोंगरातल्या आमच्या शिकारी तळावर स्वयंपाक करायच्या व्हर्ला ट्रोनरुड. सत्तरीला टेकलेल्या, अंगाने काटकुळ्या, तोंडाने तिखट. एल्क, म्हणजे थोराड हरणं, मारायला आलेल्या शहरी पाहुण्यांना त्या दोन वेळा जेवू घालत आणि येता-जाता झापत. मी खेचरांवर सामान लादणारा, त्यामुळे झापण्यात माझाही वाटा असे.

मांसाच्या वासाला अस्वलं येतात, म्हणून व्हर्लाबाईंच्या कमरेला कायम रिव्हॉल्व्हर असे. फिरत्या चाकात सहा गोळ्यांची घरं, पण त्या पाचच भरत. गोळीवर आपटणाऱ्या घोड्याखालचं घर रिकामं. जुन्या काळची ती रीत. हत्यार पडलं आणि घोड्याला दणका बसला तरी गोळी सुटू नये. नव्या रिव्हॉल्व्हरना याची गरज नसते, पण व्हर्लाबाईंना हे सांगायची कुणाची टाप नव्हती. त्या लहान असताना वडिलांचं भरलेलं रिव्हॉल्व्हर खुंटीवरून पडलं होतं, आणि धाकटा भाऊ जागच्या जागी गेला होता.

त्या वर्षी त्यांनी गावातल्या लाइलच्या बंदुकांच्या दुकानातून नवंकोरं रिव्हॉल्व्हर घेतलं. नेम धरायची माशी वाकडी, मुठीचा स्क्रू ढिला.

"मेल्या, नवं म्हणून विकतोस हे?" त्या लाइलवर कडाडल्या.

"आवळून देतो की. हल्ली कारखान्यात तपासतंय कोण, व्हर्लाबाई? पण आतलं यंत्र बघा, झकास आहे." त्याने नळी जमिनीकडे करून घोडा मागे ओढला. चाक फिरलं, कट्‌ करून बसलं. आमच्याकडे दुकानात नळी वर करणं म्हणजे समोरच्याला शिवी हासडणं. शहाणा माणूस ती जमिनीकडेच धरतो.

मग गावाबाहेरच्या मुरमाच्या खाणीत डबे मांडले, काठावर उभं राहून खाली गोळ्या झाडल्या. सगळे डबे पडले. तरी मी म्हणालो, "वरवर दिसतं तेच एवढं ढिसाळ, तर आत काय असेल? परत करा."

"आणि तळावर अस्वलाला काय लाटणं दाखवू?"

मी डबे गोळा करायला लागलो. 

ऑक्टोबरातल्या एका सकाळी मी एल्कचं मांस लादून उतारावरून तळाकडे येत होतो. खेचर अचानक बुजलं. दोरात माझा पाय अडकला, घोट्यातून मुरगळला आणि मी आडवा झालो. खेचर पळालं. एल्कची एक तंगडी तेवढी माझ्याशेजारी पडली. वर झाडीत फांद्या मोडल्या. ग्रिझ्ली अस्वल बाहेर आलं, थांबलं, नाक वर करून वास घेतला आणि माझ्याकडे चालू लागलं. मी ओरडलो. कोपरांवर सरपटायला लागलो, पण पाय ओढवेना.

खालच्या तंबूतून व्हर्लाबाई धावत आल्या. हात पिठाने माखलेले. "डेल, हलू नको! डोकं खाली!" त्यांनी रिव्हॉल्व्हर उताराच्या वर रोखलं, घोडा ओढला, चाप दाबला.

टक्‌.

पुन्हा घोडा, पुन्हा चाप. टक्‌. अस्वल आता पळत होतं. त्याच्या पायांखालची माती माझ्या मानेवर उडत होती. मला आईची आठवण आली, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्यांदाही टक्‌. व्हर्लाबाईंचा हात खाली आला. मला वाटलं, संपलं. पण हात खाली असतानाच त्यांनी अंगठ्याने घोडा ओढला, आणि चाक फिरलं. कट्‌. जन्मभर ऐकलेला तो आवाज मघापासून आलाच नव्हता. त्यांनी ओढलेल्या घोड्यानिशी हात वर केला आणि चाप दाबला.

डोंगर दणाणला. अस्वलापुढच्या खडकाच्या ठिकऱ्या उडाल्या, ते बिचकून थबकलं. व्हर्लाबाईंनी नळी खाली केली, घोडा ओढला, नळी वर, दुसरा बार. अस्वल वळलं आणि झाडीत घुसलं. व्हर्लाबाई माझ्यापाशी येऊन मटकन बसल्या. पिठाच्या हातांनी त्यांनी माझा घोटा चाचपला.

गावातल्या कारागिराने यंत्र उघडलं. चाक फिरवणाऱ्या खिट्टीमागे जी केसाएवढी स्प्रिंग हवी, ती कारखान्यात बसवलीच नव्हती. नळी खाली असली की खिट्टी आपल्या वजनाने पुढे पडून चाकाला भिडायची, वर केली की मागे, चाकापासून दूर. मग चाक फिरतच नव्हतं. घोडा दर वेळी त्याच रिकाम्या घरावर पडत होता.

लाइलने मुकाट्याने दुसरं रिव्हॉल्व्हर दिलं. व्हर्लाबाईंनी ते रिकामं असल्याची खात्री केली, आणि भर दुकानात नळी थेट छताकडे करून घोडा ओढला. गिऱ्हाइकं पटापट वाकली. कट्‌. त्यांनी मान डोलावली आणि गोळ्या भरायला घेतल्या.

पाच भरून थांबल्या.

मी कुबडीवर टेकून उभा होतो. राहवलं नाही. "व्हर्लाबाई, तिथे सहावी असती ना, तर पहिल्याच चापाला बार उडाला असता. त्या रिकाम्या घरापायी मी मेलो असतो!"

"असतास," त्या म्हणाल्या, आणि रिव्हॉल्व्हर कमरेला लावलं. "पण अस्वल जन्मात एकदा येतं, डेल. खुंटीवरून वस्तू रोज पडतात."