कमरेला खोचलेली कात्री

जगातली मोठी लढाई नुकतीच संपली होती. जत्रेच्या फडात समोरच्या पैलवानाचं डोकं मालकांच्या हनुवटीवर आदळलं आणि जबडा मोडला. पैलवान नवऱ्याचं मला केवढं कौतुक! पण त्या दिवशी कुस्तीचं नाव काढलं तरी अंगाचा तिळपापड व्हायचा.

सांगलीचे डॉक्टर पलटणीत सैनिकांचे फुटके जबडे जोडून आलेले. त्यांनी मालकांच्या वरच्या आणि खालच्या दातांवर धातूची एकेक पट्टी बांधली आणि दोन्ही पट्ट्या बारीक तारांनी एकमेकींशी आवळून टाकल्या. हाड जुळेपर्यंत तोंड बंद. दाढांमागच्या फटीत रबरी नळी सारायची आणि चोचीच्या पेल्यातून पेज, ताक, दूध घोटघोट सोडायचं. एरवी घर डोक्यावर घेणारा माणूस मुका झाला. तेवढी शांतता मात्र मला मानवली, खोटं कशाला बोलू!

घरी सोडताना डॉक्टरांनी एक आखूड, जाड पात्यांची कात्री पुढं केली.

"उलटी झाली तर तिला बाहेर पडायला वाट नाही, जीव गुदमरेल. पट्ट्यांना जोडणाऱ्या या उभ्या तारा तेवढ्या कापायच्या, तोंड खाली करायचं. उलटी थांबली की हनुवटीखालून फडकं बांधून इकडे आणायचं. कात्री कुणाकडे देऊ?"

"आमी समदी हाय की," वस्ताद म्हणाले. वस्ताद म्हणजे माझे चुलत सासरे. मालकांना तालमीत त्यांनीच घडवलेलं. त्यांच्यासमोर मी पदर सावरून उभी राहायची, तोंड उघडायची नाही.

"सगळे म्हणजे कुणीच नाही," डॉक्टर म्हणाले. मी हात पुढं केला. कात्री कमरेला खोचली ती झोपतानाही काढली नाही.

कुंडलला आमच्या घरी आल्यावर मालक वाळत चालले. बरगड्या दिसायला लागल्या तसे वस्ताद कासावीस झाले. पैलवानाला पेजेवर ठेवणं त्यांच्या लेखी पापच. एका दुपारी मी विहिरीवरून धुणं घेऊन आले, तर वस्ताद रिकामा पेला धरून बसलेले. वाटलेले बदाम, दूध आणि वर वाटीभर तूप, असा तालमीतला खुराक त्यांनी मोठ्या मायेनं मालकांच्या पोटात उतरवला होता. पेजेवर राहिलेल्या त्या पोटाला तो कसा सोसणार? मालकांना उमासे येत होते. डोळे फिरलेले, हात गळ्याकडं.

मी धुणं टाकलं आणि कात्री काढली. वस्तादांनी माझं मनगट धरलं.

"अगं, तार तोडलीस तर जबडा वाकडा बसंल! कुस्ती संपली त्याची!"

"आवं मामा, हात सोडा! माणूस चाललाय माझा!"

रहिमतपूरचं माहेर माझं, राग आमच्या नाकावर. हिसडा मारून हात सोडवला आणि दाखवलेल्या तारा एकेक करून कापल्या. मालकांची मान खाली दाबली. सगळं भडाभडा बाहेर आलं आणि त्यांनी श्वास घेतला. तो श्वास ऐकला आणि मला रडू फुटलं. पण रडत बसायला सवड कुठं होती? जबडा बांधायला हवा होता आणि धुणं सगळं मातीत पडलेलं. समोर वस्तादांच्या डोक्याला कोरा पटका दिसला. सरळ ओढला आणि मालकांच्या हनुवटीखालून डोक्यावर बांधला. सासऱ्याच्या डोक्याला सुनेनं हात घातलेला आमच्या गावानं कधी पाहिला नव्हता.

सांगलीपर्यंत ते आमच्यासोबत आले, चारचौघांत उघड्या डोक्यानं. डॉक्टरांनी पटका सोडला, तोंडात बराच वेळ पाहिलं.

"हाड जागचं हललेलं नाही. नव्या तारा घालू, पुन्हा कुस्ती खेळतील. हे कुणी केलं?"

मी पदर पुढं ओढला. वस्ताद खाकरले.

"आमच्या सुनंनं. पटका माझा हाय, पर म्या दिला न्हाई. तिनं वढून घेतला!" आणि छाती काढून त्यांनी सगळ्या खोलीकडं पाहिलं.