वर्गणी न मागणारी माणसं

पावती अक्कांच्या दारात वर्गणी मागायला जायचं म्हणजे नोकरीच्या मुलाखतीला जाण्यासारखं होतं. गणपती असो, देवीचा जागर असो की क्रिकेटचे सामने, अक्का आधी ओट्यावर बसवून पाणी द्यायच्या आणि मग चष्मा लावून पावतीपुस्तक मागायच्या. मंडळाची नोंदणी आहे का, नंबर कुठे छापलाय, गेल्या वर्षी उरलेलं कोणाकडे आहे, सगळं विचारून झालं की कंबरेची पिशवी सुटायची. सुटायची हे मात्र खरं. गावातली पोरं त्यांना मागून 'पावती अक्का' म्हणत आणि समोर आल्या की शर्टाची बटणं लावत.

पारोळ्याच्या पुढच्या या गावात मी शिक्षिका म्हणून बदलून आले, तेव्हा त्यांनीच मला पुढची खोली भाड्याने दिली. यजमान वारलेले, मुलगा जळगावला एका कारखान्यात सुपरवायझर, दारात दोन म्हशी. भाड्याचीही पावती माझ्या हातात ठेवत. राहू द्या हो अक्का, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाल्या, "राहू द्या कसं? उद्या मी मरी गवू, ते मना पोरगा तुमनापाईन परत मांगी!"

हा नाद त्यांना देवळाच्या ट्रस्टच्या भांडणातून लागला होता. त्या वेळी त्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात गेल्या आणि त्यांना कळलं की नोंदलेल्या संस्थेचे हिशेब आणि विश्वस्तांची नावं अर्ज करून कोणालाही पाहता येतात. कोणालाही, म्हणजे आपल्यालाही! याचं त्यांना केवढं अप्रूप. एखाद्या बाईला माहेरची वाट नव्याने सापडावी तशा त्या खूश झाल्या होत्या.

मागच्या उन्हाळ्यात गावात 'गाव जागवा मंच' आला. गायरान एका मोठ्या प्रकल्पाला द्या, पोरांना नोकऱ्या लागतील, असा त्यांचा प्रचार. डोळे तपासणीचं शिबिर झालं, जेवणावळी झाल्या, टोप्या वाटल्या, रिक्षांवर भोंगे लागले. सगळे कौतुक करत होते. अक्का मात्र ओट्यावर बसून वाट पाहत होत्या, मंचाची माणसं वर्गणीला कधी येतात याची. ती आलीच नाहीत. एक दिवस त्या मला म्हणाल्या, "बाई, बठ्ठा गावले जेवण देतस, आन वर्गणी मांगत नही. मंग यासले कोन देस?"

मला हसू आलं. फुकट मिळतंय ते घेऊ दे की गावाला, असं मी म्हणालेसुद्धा. त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी मुकाट्याने मोबाइल काढला. मंचाच्या नावाने कुठलीही नोंदणी सापडेना. मग अक्कांनी आपली वाट धरली. मांडववाला त्यांच्या लांबच्या नात्यातला निघाला. त्याला चहा पाजून त्यांनी विचारलं, बिल कोणाच्या नावे फाडतोस रे? त्याने जळगावच्या एका संस्थेचं नाव सांगितलं. ती मात्र नोंदलेली होती. आम्ही रीतसर अर्ज केला, फी भरली आणि जळगावला जाऊन फाइल पाहिली. देणगीदार एकच, एक कंपनी. तिचे संचालक कोण, हे केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर दिसत होतं. आमचं गायरान मागणारी माणसं तीच होती.

परतीच्या एसटीत मला घाम फुटला होता. अक्का मात्र एखादं लग्न जमवून आल्यासारख्या मोठमोठ्याने बोलत होत्या. गाडीत आमच्या गावची निम्मी माणसं. मी दोनदा त्यांचा पदर ओढला, पण हळू बोलणं त्यांना जन्मात जमलं नाही. आम्ही फाट्यावर उतरलो तर मंचाचा एक माणूस मोटरसायकलला टेकून उभा. त्याने अक्कांच्या हातातली पिशवी नम्रपणे घेतली आणि घरापर्यंत आणून दिली. वाटेत एक शब्द बोलला नाही.

पुढच्या शनिवारी मारुतीच्या पारावर मंचाचा भंडारा होता. वरण-बट्टी, वांग्याची भाजी. आमच्याकडे भंडाऱ्यात किलोभर साखर दिली तरी देणाऱ्याचं नाव भोंग्यावरून पुकारतात, नारळ देतात. त्या दिवशी एकही नाव पुकारलं नाही. पंगत बसली आणि अक्का उठल्या. हातात नारळ. भोंगावाल्याला बाजूला सारून म्हणाल्या, "आजनं जेवण ज्यासनी दिधं, त्यासनं नाव कोनी लिधं नही. आपला गावनी रीत शे, म्हनीसन मी लेस." आणि त्यांनी कंपनीचं नाव घेतलं, संचालकांची नावं घेतली. शेवटी म्हणाल्या, "ज्यासले आपलं गायरान पाहिजे, त्यासनी बट्टी शे ही. नारळ लेवाले कोन येस?"

पंगतीतले हात थांबले. वाढपी वाटेतच उभे राहिले. मला वाटलं, आता सगळे ताटावरून उठणार. मग कोणीतरी वरण मागितलं, आणि पंगत पुन्हा जेवू लागली. मला त्या दिवशी गावाचा आला तेवढा राग कधी कोणाचा आला नव्हता.

तरी एवढं झालं की ग्रामसभेतला गायरानाचा विषय पुढे ढकलला गेला. अक्का जिंकल्या असंच मी धरून चालले होते. आठवड्याभरात डेअरीवरून त्यांचं दूध परत येऊ लागलं. फॅट लागत नाही म्हणे. त्याच म्हशी, तोच चारा. शेजारणीचं येणं थांबलं. समोरच्या निंबाखाली ती मोटरसायकल रोज उभी राहू लागली. कोणी दगड मारला नाही, की शिवी दिली नाही. अक्का दाराशी बसून तिकडे बघत. "कोनी काहीज बोलत नही बाई," त्या म्हणाल्या. "तेज माले आवडत नही."

मग एका सकाळी मुलगा जळगावहून गाडी घेऊन आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. कारखान्यात साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून चहा दिला होता आणि फक्त एवढंच विचारलं होतं, तुमच्या आईची तब्येत कशी आहे? एकट्या असतात ना? अक्कांनी ऐकून घेतलं. म्हशी भावकीत दिल्या. मला वाटलं होतं त्या भांडतील, पण त्या गाडीत बसल्या, काच खाली केली आणि माझा हात बराच वेळ धरून ठेवला. पावती अक्का घाबरलेल्या मी त्याच दिवशी पाहिल्या, आणि मला रडू आवरेना.

गायरानाचा विषय आता पुन्हा निघाला आहे. मीही आता इथली मतदार. ग्रामसभेत मी बोलणार, हे गावाला ठाऊक आहे. काल शाळा सुटल्यावर फाटकाशी तोच पिशवी आणून देणारा माणूस भेटला. पहिल्यांदाच बोलला. हसून म्हणाला, "मॅडम, आई कशा आहेत? नशिराबादला उन्हाळा फार असतो."

माझी आई नशिराबादला असते, हे मी या गावात कोणालाही सांगितलेलं नाही.

घरी येऊन मी आईला फोन केला. म्हटलं, काही दिवस बोदवडला मावशीकडे जाऊन राहा. का गं, असं ती विचारत राहिली. ग्रामसभा सोमवारी आहे, आणि मी जाणार आहे.