काचेच्या कपाटातला पक्ष्यांचा ग्रंथ

हिल्डा सटक्लिफचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. हॅलिफॅक्सच्या डेपोत आम्ही दोघं बसगाड्या धुवायचो. बाकीचे पाणी मारून मोकळे व्हायचे. हिल्डा सीटखाली चिकटलेलं च्युइंगगम सुरीनं खरवडायची. मी निवृत्त झालो, ती अजून जाते.

शनिवारी ती बाजारातल्या धर्मादाय दुकानात. लोकांनी दान दिलेले कोट, कपबश्या ओलांडून थेट मागच्या फळीशी. मान वाकडी करून एकेका पुस्तकाचं नाव वाचायची. काय शोधतेस, विचारलं तर म्हणायची, "ते माहीत असतं तर मजा काय राहिली?" पक्ष्यांचा रंगीत चित्रांचा जाडजूड ग्रंथ तिला तिथंच सापडला. डेपोच्या छपरावर जो पक्षी दिसेल, त्याच्या चित्राशेजारी ती पेन्सिलीनं दोन शब्द लिहायची.

यंदा तिच्या खोलीचं प्लास्टर काढलं. धूळ बसू नये म्हणून तिनं पुस्तकं दानाच्या पिशव्यांत भरली. या रिकाम्या पिशव्या त्या दुकानाचे संस्थावाले दाराच्या फटीतून टाकून जातात, दान भरून बाहेर ठेवायला. फुकटच्या म्हणून आम्ही सगळेच घरात वापरतो. नेमका दानाची गाडी यायचा दिवस. हिल्डाच्या जावयानं, क्लाइव्हनं, जन्मात पहिल्यांदा काही उचललं, ते या भरलेल्या पिशव्या, आणि नेऊन फुटपाथवर ठेवल्या.

आम्ही दुकानात पोचलो तोवर बाकीची पुस्तकं विकून गेली होती. ग्रंथ मात्र काचेच्या कपाटात, कुलपात. व्यवस्थापक मिसेस पेनरोज म्हणाल्या की एकदा दान आलं की ते संस्थेचं. आणि ‘पुस्तक माझं आहे’ असं तर कुणीही म्हणेल, हेही वर.

"आत पेन्सिलीचं लिहिलेलं आहे. उघडून बघा," हिल्डा म्हणाली.

बाईंनी पानं उलटली. "हो की. खराब केलंय कुणीतरी. थोडी सवलत देते."

"खराब नाही केलेलं. मी लिहिलंय ते. आणि सवलत तुमच्याकडंच ठेवा."

माझ्या तोंडात शिवी आली होती. हिल्डानं कोपरानं ढोसलं म्हणून गिळली.

घरी क्लाइव्ह चहात बिस्किट बुडवत म्हणाला, "जुनीच तर होती ना?" शुक्रवारी पगार झाला. हिल्डा डेपोतून ओल्या बुटांनीच दुकानात गेली आणि पूर्ण किमतीला स्वतःचं अक्षर विकत घेऊन आली.