खाप्याचा डबा आणि मनोहरदादांचा डावा हात

ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणाऱ्याकडे किस्से कसे साचतात, सांगू? तो मागे, ड्रमच्या बाजूला उभा असतो. फोटोवाला त्याला अर्धा कापतो, निवेदक त्याचं नाव विसरतो. आपल्याकडे कोणीच पाहत नाही म्हटल्यावर माणूस करणार काय? तोच सगळ्यांना पाहत राहतो. एकवीस वर्षं मी नागपुरात हेच करतोय, आणि निदान चार पोती किस्से भरतील. पण गेल्या उन्हाळ्यातले वेगळे, कारण त्यात पणाला मीच लागलो होतो.

*

ऑर्केस्ट्रा आमच्या मनोहरदादांचा. कीबोर्डही तेच वाजवतात. एक दिवस रिहर्सलला चहा घेता घेता म्हणाले, "विलास, तुझा बेस कोणाले ऐकू येते गा?"

मी म्हटलं, "दादा, बेस ऐकायचा नसतो. तो गाण्याखाली असतो."

"मंग माझा डावा हात रिकामाच असते! कीबोर्डवर मीच वाजवतो बेस. गाडीत एक सीट तं मोकळी होईल!"

सगळे हसले. मीही हसलो, पण दादा हसत नव्हते. त्यांनी सरळ अट घातली. पुढच्या महिन्यात हिंगण्याला प्रोग्रॅम होता. शेवटून दुसऱ्या गाण्यात त्यांनी मान हलवली, की मी आवाजाचं बटण शून्यावर न्यायचं. बोटं चालू ठेवायची. बेस ते डाव्या हातानं वाजवणार. "पब्लिकमधून एकानं जरी इचारलं ना, बेस कुठी गेला, तं तू पक्का. नाही तं मग राम राम!"

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. घरात बसवेना, बाहेर करमेना.

*

मला खात्री होती की दोष माझ्या बोटांत नाही, आवाजात आहे. आमचा ड्रमर बबलू म्हणाला, "दादा, खाप्याच्या नामदेवकाकांकडे जा. ते हातानं प्रीअँप बनवतात, वॉल्व्हचा." जुन्या रेडिओत ते काचेचे दिवे असायचे ना, लाल होणारे, ते वॉल्व्ह. गिटारची वायर आधी प्रीअँपमध्ये जाते, तिथे आवाज जाड होतो, मग स्पीकरमध्ये.

दुसऱ्याच दिवशी मोटारसायकल काढली आणि भर उन्हात खापा गाठलं. काका सत्तरीचे. अंगात बनियन, हातात प्लॅस्टिकच्या पन्नीत खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, आणि तो अंगठ्यानं घोटणं चालू. मी तासभर बोललो. मला कसा आवाज हवा, कुठे जाड, कुठे मऊ, सगळं. काका मान हलवत होते. मध्ये एक शब्द नाही! शेवटी त्यांनी दोन प्रीअँप माझ्या पुढ्यात ठेवले. एकाला काळी पेटी आणि निळा लाइट. दुसरा चक्क पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात, झाकणाला भोकं पाडलेली.

"दोन्ही घेऊन जाय. वाजवून पाय," एवढंच म्हणाले.

परत आल्यावर बबलूला सांगितलं, "काय समजदार माणूस आहे बे! पहिल्यांदा कोणीतरी माझं ऐकून घेतलं."

*

आता दोन्हींतला निवडायचा कसा? मी बबलूला म्हटलं, "मी डोळे बांधतो. तू मनाला येईल तशी वायर बदल. मी सांगतो कोणता बरा."

डोळ्यांवर बायकोची ओढणी बांधली. वाजवलं. "हा कोरडा आहे." पुन्हा वाजवलं. "हा! हा बघ कसा गोड, छातीत बसतो!" असं दहा वेळा. दहाही वेळा मी ठामपणे सांगितलं. मनात म्हटलं, एकवीस वर्षं उगाच नाही घालवली.

ओढणी सोडली तर बबलू खिडकीत उभा, हातात चहाचा कप.

"लिहून घेतलं ना?"

"दादा, मी अजून वायर लावलीच नाही गा. पहिले चहा घेऊन राहिलो."

गिटार दहाही वेळा सरळ स्पीकरमध्येच होती!

*

रिहर्सलला दोन्ही प्रीअँप नेले. आमच्या गायिका कुंदाताईंनी दोन मिनिटांत निकाल लावला.

"डबाच घे रे भाऊ."

मी हरखलो. "आवाजात काय फरक वाटला ताई?"

"आवाजाचं मले काय माहीत! त्याच्या झाकणावर चहा ठेवला होता मी. दोन गाणे झाले तरी गरम हाय!"

*

मग घरी एक नवीन भानगड सुरू झाली. दोन्हींतून घूंऽऽ असा आवाज यायला लागला. मी वायरी बदलल्या, सॉकेट बदलला, अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणला. आई ओट्यावरून पाहत होती. "काहून खणून राहिला गा? झाड लावतं का काय?" प्रोग्रॅमला आठ दिवस राहिलेले. मला कोणाशी धड बोलता येईना, सगळ्यांवर खेकसत होतो.

पुन्हा खापा. काकांसमोर दोन्ही ठेवले आणि अर्धा तास ती घूं समजावली. तोंडानं काढूनसुद्धा दाखवली! काका मान हलवत होते.

"आता सांगा काका, ही घूं कशानं जाईल?"

आतून काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "भाऊ, तुम्ही कवाचे कोणासंगं बोलून राहिले? यायले ऐकू नाही येत. हिंगण्याच्या कंपनीत पत्रे ठोकायच्या मशीनवर होते ना, तेथीच कान गेले. अर्धं जग यायले समजदार समजते!"

माझी नोकरी ज्याच्या हातात दिली, तो ठार बहिरा होता!

रडकुंडीला येऊन घरी परतलो. लाइन गेली होती. आली तेव्हा आईचा कूलर बंदच राहिला होता. प्रीअँप लावला. घूं गायब. मी कूलर लावला. घूंऽऽ!

*

तरी तिसऱ्यांदा गेलो. निवडायला दुसरं कोणी उरलंच नव्हतं. काकूंनी खुणेनं सांगितलं, याला दोन्ही वाजवून पाहू द्या. काकांनी स्पीकर लाकडी तख्तावर ठेवला आणि स्वतः अनवाणी पायानं त्याच तख्तावर बसले. हातात खर्रा, घोटणं सुरू.

निळ्या लाइटवाल्यावर वाजवलं. काका घोटत राहिले.

डब्यावर वाजवलं. घोटणारा अंगठा थांबला. मी वाजवायचं थांबलो, तसा अंगठा पुन्हा चालू झाला. मी पुन्हा वाजवलं, पुन्हा थांबला. तख्ताची थरथर काकांच्या तळव्यांना कळत होती!

"हा ने," काका म्हणाले. "अन् प्रोग्रॅम कुठी हाय ते हिले लिहून दे. पहिल्या प्रोग्रॅमले मी सोता जातो. लेक सासरी पोचवून द्या लागते ना!"

*

हिंगण्याचं मैदान खचाखच भरलं होतं. फळ्यांचं स्टेज. काका एसटीनं आले, कोणाला न विचारता माझ्या स्पीकरजवळ स्टेजच्या कडेला बसले, चपला काढून पाय फळीवर घेतले. मनोहरदादांनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. कोणाचा तरी म्हातारा असेल, म्हणून सोडून दिलं. मीही ओळख करून दिली नाही. काकांना अटीबद्दल काहीच माहीत नव्हतं.

शेवटून दुसरं गाणं सुरू झालं. पहिल्या कडव्यानंतर दादांनी मान हलवली.

मी बटण शून्यावर नेलं.

काही झालं नाही. बाया नाचत होत्या, पोरं मोबाइल वर करून शूटिंग करत होती, कुंदाताईंचा सूर तसाच लागला होता. दादांचा डावा हात मजेत चालला होता. माझी बोटं मुक्या तारांवर फिरत होती. एकवीस वर्षांत इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. दादांनी माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. दुसरं कडवं संपत आलं.

मी खाली पाहिलं. इतका वेळ स्वस्थ बसलेल्या काकांचा अंगठा खर्रा घोटायला लागला होता.

मग तो थांबला. काकांनी फळीवर तळवा टेकवला. डब्याकडे पाहिलं, माझ्या बोटांकडे पाहिलं. पन्नी खिशात कोंबली आणि अनवाणीच स्टेजवर चढून आले, थेट कीबोर्डपाशी, आणि गाणं चालू असताना अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले,

"बेस कुठी गेला गा?"

ड्रम थांबला. कुंदाताई थांबल्या. मनोहरदादांचा डावा हात तसाच हवेत! त्यांनी माइक ओढला आणि म्हणाले, "काका, बेस तं चालूच हाय! तुम्हाले ऐकू नाही येऊन राहिला का?"

काकांनी कानामागे हात धरला आणि माइकजवळ वाकले.

"काय म्हणतं? जोरानं बोल गा! मले ऐकू येत नाही!"