उमेंद्रचं पुस्तक, माझा आवाज

उमेंद्र रहांगडाले हे नाव तुम्ही बहुधा ऐकलं नसेल. ऐकलं असेल, तर ते माझंच नाव आहे अशी तुमची समजूत असेल. ती मोडावी म्हणून मी हे लिहायला बसलो आहे.

माझं कागदावरचं नाव केशोराव. पण रेशनकार्ड सोडलं तर ते कुठे नाही. झाडीपट्टीच्या नाटकांत चौतीस वर्षं मी राजे केले. चांगले राजे, दुष्ट राजे, पोरीच्या प्रेमापायी वेडे झालेले राजे. त्यामुळे भंडाऱ्यापासून देवरीपर्यंत मी राजामामा. माझी बायकोसुद्धा शेवटी शेवटी मला राजामामाच म्हणू लागली होती.

आणि उमेंद्र आमचा प्रॉम्प्टर होता.

दिवाळी झाली की होळीपर्यंत आम्हाला रोज नवं गाव असायचं, कित्येकदा नाटकही नवं. नक्कल, म्हणजे आपल्या वाक्यांची वही, हातात पडायची त्याच दिवशी. तालीम जमली तर एखादी. अशा वेळी नटाचा जीव विंगेत स्टुलावर वही घेऊन बसलेल्या माणसाच्या ओठांवर टांगलेला असतो. तो वाक्य देतो, आपण ते बोलतो. उमेंद्र वाक्य कसं द्यायचा! सपाट, अर्धं ओठांत, नटाच्या एक पाऊल पुढे, पण शब्द न शब्द कानात पोचायचा. त्यात रंग भरायचा नाही, हा त्या कामाचा नियमच. प्रॉम्प्टरनं रंग भरला तर नट गोंधळतो. अठरा वर्षं त्यानं हा नियम पाळला.

एकदा मला एकशेतीन ताप होता. माझ्या डोक्यात एक ओळ नव्हती. उमेंद्रनं मला चार अंक उचलून पैलतीरी नेलं. दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांनी मला शाल दिली, बाया माझ्या पाया पडल्या. उमेंद्र ओट्याच्या कोपऱ्यात बसून पोहे खात होता. मी शाल त्याच्या अंगावर टाकायला गेलो तर म्हणाला, "ठेवा न मामा. मले थंडी नाई वाजून राहिली." आमच्या जाहिरातीवर मंडपवाल्याचं नाव असायचं, लाइटवाल्याचं असायचं. प्रॉम्प्टरचं कधी नसायचं. आमच्यापैकी कोणाला ते खटकलंही नाही. मलाही नाही.

कोरोनात नाटकं बंद पडली. उमेंद्रनं दवनीवाड्याला झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलं. पुढे नाटकं सुरू झाली तरी तो परतला नाही. मला वाटलं, संसारात पडला. दोन वर्षांनी एक दिवस तो माझ्या घरी आला आणि कापडी पिशवीतून एक पुस्तक काढून त्यानं माझ्या मांडीवर ठेवलं. 'पाण्याखालचं ऊन.' खाली त्याचं नाव.

"हे तू लिहिलंस?"

"सातबाऱ्याच्या मधी मधी लिवलं, मामा. गिऱ्हाईक गेलं की लिवाचो, आलं की थांबाचो."

त्याचं मूळ गाव चोरखमाऱ्याच्या तलावाजवळ. लहानपणी काठावर बसून, खाली काय असेल, याचा विचार करत असे म्हणाला. पुस्तकात त्या तळाशी एक राज्य आहे. तिथं ऊन पोचत नाही, म्हणून व्यापारी वरून मडक्यांत ऊन भरून आणतात आणि विकतात. ज्याच्या घरी मडकं नाही त्याच्या लेकरांना रंग दिसत नाहीत. झरणी नावाची एक म्हातारी राणी कासवावर बसून वर येते, सगळ्यांसाठी ऊन मागायला. तीनशे पानं मी दोन दिवसांत वाचली, आणि राणी रिकाम्या हातानं परत जाते तिथं चष्मा काढून ठेवावा लागला.

नागपूरच्या एका प्रकाशकानं तीनशे प्रती छापल्या होत्या आणि, प्रचाराचं तुमचं तुम्ही बघा, म्हणून गठ्ठे पाठवून दिले होते. उमेंद्रनं मोबाइलवर मुखपृष्ठाचे व्हिडिओ टाकून पाहिले. एकेचाळीस लोकांनी पाहिले. त्यात त्याची बायको शामकला रोज एकदा. कॉलेजच्या सरांना प्रती दिल्या. सर म्हणाले, राक्षस-परीचं लहान मुलांसाठी ठीक आहे. तेव्हा उमेंद्रनं ठरवलं, आपल्याला जे येतं ते करू. मंडईत जाऊ.

दवनीवाड्याची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, दिवाळीनंतर भरते. पाळणे, जिलेबी, नाचगाण्यांची दंडार, पंचक्रोशीतली माणसं. मंडळाचा अध्यक्ष जागेश्वर आमचा जुना प्रेक्षक. त्यानं दंडारीच्या आधी दुपारी अर्धा तास स्टेज दिलं. उमेंद्र मला म्हणाला, "तुमी फक्त पुस्तकावरचा कागद फाडा, मामा. वाचन मी करतो."

"अरे, मी वाचून देतो की. गर्दी धरायला—"

"नाई." त्यानं पहिल्यांदाच मला मधे तोडलं. मग ओशाळून म्हणाला, "अठरा वर्सं मी बोललो अन् लोकायनं तुमचं आयकलं. वाईट नाई वाटलं कधी. पन हे माझं हाय. एकदा तरी लोकायनं म्हनलं पायजे, हे उमेंद्रनं केलं. बस, येवढंच."

मी त्याला शब्द दिला. डोक्यावर हात ठेवून दिला.

मंडईच्या दिवशी शामकलानं त्याला नवा शर्ट घातला होता, घडीच्या रेघा अजून दिसत होत्या. मी कागद फाडला, टाळ्या झाल्या, मी मागे खुर्चीवर बसलो. उमेंद्र माइकसमोर उभा राहिला आणि वाचू लागला.

तो प्रॉम्प्ट करत होता.

त्याचं त्यालाही कळलं नसावं. तीच सपाट चाल, तोच अर्धा आवाज, रंगाचा थेंब नाही. माझ्या कानात शब्द न शब्द पोचत होता. मंडपात काहीच पोचत नव्हतं.

"ओ भाऊ, जेवला नाई का सकाळपासून?" कोणीतरी ओरडलं.

"मंत्र म्हनून राहिला का गा तो?"

हसू झालं. लोक जिलेबीकडे वळू लागले. उमेंद्रचे कान लाल झाले, पण तो थांबला नाही. त्याला थांबणं येतच नव्हतं. प्रॉम्प्टर थांबला की नाटक पडतं. तो तिसऱ्या पानावर आला. राणी झरणी ऊन विकणाऱ्यांसमोर उभी राहते ती जागा. त्याचं वाक्य माझ्या कानावर पडलं: 'अरे, ज्याच्या अंगणात ते फुकट पडतं, त्यानं त्याला झाकण कसं लावलं?'

मी ते बोललो.

मी ठरवलं नव्हतं, हे कोणी खरं मानो वा न मानो. चौतीस वर्षं कानावर वाक्य पडलं की ते माझ्या छातीतून निघत आलं आहे. मधे विचाराला जागाच नव्हती कधी. मी खुर्चीवरून उठलो होतो. हात पसरले होते. मंडप चिडीचूप झाला. आणि उमेंद्रनं काय करावं? त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य दिलं. सवय त्याचीही तितकीच जुनी. मी ते घेतलं. त्यानं पुढचं दिलं. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला. बाया डोळ्याला पदर लावत होत्या, पोरं शिट्ट्या मारत होती. मला, देवाशपथ, बऱ्याच वर्षांनी जिवंत असल्यासारखं वाटत होतं.

टाळ्या थांबल्या तेव्हा मला दिसलं: उमेंद्र माइकपासून सरकत सरकत स्टेजच्या कडेला गेला होता. जिथं विंग असते तिथं.

जागेश्वर माइकवर ओरडला, "राजामामाची कादंबरी घेतल्याबिगर कोनी जाचं नाई!"

मी माइक हिसकावला. "कादंबरी माझी नाही! उमेंद्र रहांगडाले यांची आहे!"

"मामाचं खरं नाव उमेंद्र आहे वाटते," पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली. मी ते स्पष्ट ऐकलं. मी उमेंद्रकडे बोट दाखवलं तर लोकांना वाटलं, मामा मोठ्या मनानं प्रॉम्प्टरचं कौतुक करतात. पुन्हा टाळ्या झाल्या, माझ्या मोठ्या मनासाठी. ऐंशी प्रती गेल्या.

दोन दिवसांनी एका पेपरात बातमी आली. माझा फोटो. 'राजामामा या नावाने परिचित ज्येष्ठ नट उमेंद्र रहांगडाले यांच्या पहिल्या कादंबरीचे थाटात प्रकाशन.' मी वार्ताहराला गोंदियाला फोन लावला. तो म्हणाला, "अरे मामाजी, टेन्शन मत लो, सुधार छाप देंगे." छापलं. सहाव्या पानावर, खतांच्या जाहिरातीखाली चार ओळी. पेपर घेऊन मी गावभर फिरलो. लोक म्हणायचे, बरं बरं, आणि चहा विचारायचे.

बोलावणी येऊ लागली. तीन गावांतून आली, तिन्ही पत्रिकांवर माझा फोटो होता. शामकला माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोलली नव्हती. त्या दिवशी तिनं पत्रिका माझ्यासमोर टाकली. "आता तुमीच सांगा मामा. नाव याहीचं अन् तोंड तुमचं. याले काय म्हनाचं? चोरी म्हनाव तं तुमी चोर नाई. मंग गेलं कोठी आमचं?"

उमेंद्र म्हणाला, "राहू दे व. पुस्तक तं जाऊन राहिलं न लोकायच्या घरी."

मी त्या रात्री जेवलो नाही, आणि एक बेत केला. म्हाताऱ्या माणसानं बेत करू नयेत. बिरसीच्या वाचनालयाचा कार्यक्रम होता. मी निरोप पाठवला की घसा बसला आहे, येत नाही. आणि मफलर गुंडाळून, कोणाला न सांगता, शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. मला वाटलं, मी नसलो की त्याला बोलावंच लागेल. त्याचा आवाज फुटेल.

सत्तरेक माणसं जमली होती. उमेंद्रनं सुरुवात केली. या वेळी तो प्रयत्न करत होता. कुठे कुठे आवाज चढवत होता, हात उचलत होता, आणि ते सगळं माझं होतं. माझा हात, माझी मान, माझा श्वास. माझी वाईट नक्कल करत होता तो. बिरसीला विमानतळ आहे; डोक्यावरून शिकाऊ वैमानिकांची विमानं घरघरत घिरट्या घालत होती. प्रत्येक वेळी तो थांबायचा, विमान जाऊ द्यायचा, आणि ओळ शोधायचा.

"राजामामा नाई आले का? मंग कायले बोलावलं?" एक म्हातारा उठला. त्याच्यामागे रांगच्या रांग उठली. उमेंद्रनं प्रकरण शेवटपर्यंत वाचलं. शेवटी अकरा माणसं होती. मी पायांवरून मोजली, कारण मान वर करायचा धीर नव्हता.

बाहेर त्यानं मला ओळखलं.

"तुमी मागं बसून होते?"

"मला वाटलं, मी नसलो तर—"

"मले सांगाचं होतं न, मामा." एवढंच. मग त्यानं मोटरसायकल काढली आणि मला मागे बसवून घरी सोडलं. मी वयानं मोठा म्हणून गाडी खड्ड्यांतून हळू घेत होता.

पुढची दोन बोलावणी त्यानं नाकारली. मी महिनाभर त्याच्याकडे गेलो नाही. गेलो तेव्हा तो एका मुलीच्या मार्कशीटच्या प्रती काढत होता. टीना नाव तिचं, बारावीतली. मला पाहून तिनं तोंडावर हातच ठेवला.

"राजामामा! मी तुमची कादंबरी तीनदा वाचली. ती आंधळी पोरगी मडकं फोडते नं, अन् ऊन सांडते, अन् तिले पहिल्यांदा लाल रंग दिसते तो रक्ताचा! तुमाले कसं सुचलं हो?"

उमेंद्रचा हात मशीनवर थांबला होता. ते पान मंडईत वाचलं नव्हतं. ते फक्त पुस्तक वाचणाऱ्यालाच ठाऊक.

"बाळा, ते मला नाही सुचलं," मी म्हणालो. "हा तुझ्यासमोर उभा आहे, हा उमेंद्र रहांगडाले. यानं लिहिलं."

ती त्याच्याकडे पाहू लागली. विचारात पडली. एक शब्द, फक्त एक 'हो' हवा होता.

"मामा चेष्टा करून राहिले," उमेंद्र म्हणाला. "सहा कॉप्या झाल्या, घे."

ती हसत हसत गेली. मी काउंटरवर हात आपटला. "अरे, समोर आली होती! तीनदा वाचून आली होती! काऊन नाही म्हणालास?"

त्यानं कागद सरळ केले. "तिनं थे तुमच्या आवाजात वाचलं हाय, मामा. तिले कायले तोडाचं."

मग मी दुसऱ्या भागाचं विचारलं. राणी परत जाते त्याच्या पुढचं. शंभर पानं झाल्याचं शामकला दिवाळीत सांगत होती.

"थांबवलं."

"काऊन?"

तो मशीनकडे वळला. मशीनचं झाकण उघडलं, बंद केलं. त्याच्या बोलण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं, पण नव्हता.

"लिवाले बसलो का तुमचाच आवाज येते, मामा. पयले माझा येत होता."

बाहेर दोन माणसं आधारकार्ड घेऊन उभी होती. उमेंद्रनं त्यांना आत बोलावलं, आणि मी बसलो होतो ते स्टूल त्यांच्यासाठी मोकळं करून दिलं.