मेघकाळाचा पणतू

जेवण अंगावर येतंय. दुपारची वेळ, आवाज भरायच्या खोलीत एसीचा गारवा, भिंतींना काळा फोम आणि कानांवर हेडफोन. अशात डोळे मिटणार नाहीत तर काय होणार! मी स्वतःला बजावते आहे, हेमांगी, झोपायचं नाही, संध्याकाळच्या आत सौमित्रला हो की नाही ते सांगायचंय. आणि बजावता बजावताच मान खुर्चीच्या पाठीला टेकते.

हेडफोनमध्ये भिकाजीमामा आहेत. म्हणजे त्यांचा आवाज. मामा श्रावणात गेले.

आमच्या गेमची गोष्ट आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई काय बरळतेय. गेममध्ये मेघकाळ नावाचा एक दुष्ट राजा आहे. त्याने गावं जाळली, माणसांचे दगड केले, काय काय केलं ते विचारू नका. सगळं मीच लिहिलंय. खेळणाऱ्याने वीर व्हायचं, रानं-डोंगर तुडवायचे आणि शेवटी किल्ल्यात शिरून मेघकाळाला संपवायचं. या मेघकाळाचा एक पणतू आहे, गोमाजी. तो किल्ल्याच्या पायथ्याला खानावळ चालवतो. पणजोबासारखंच त्याच्याही कपाळावर शिंग आहे, पण हा त्यावर पंचा वाळत घालतो. घराण्याचं नाव कोणी काढलं की ओशाळतो बिचारा. दमलेल्या वीराला वाढतो, जखमेत हळद भरतो, पुढची वाट दाखवतो.

गोमाजीला आवाज दिला तो भिकाजी नेमळेकरांनी. दशावतारातला माणूस. उभा जन्म राक्षसाची कामं केली. रात्री रंगवलेल्या तोंडाने किंकाळ्या फोडायच्या आणि पहाटे देवाच्या हातून मरायचं. मी गोमाजीसाठी झोकात लिहिलं होतं, "स्वागत असो हे वीरा, या पथिकाश्रमी विश्राम कर." मामांनी माईकसमोर उभं राहून म्हटलं, "जेवलंस काय रे बाबा?"

मी काचेमागून ओरडले, "मामा, हे कागदावर नाहीये!"

"कागदार नाय, पोटात आसा."

आठवडाभर भांडलो आम्ही. काही वाक्यांत मी जिंकले, या वाक्यात ते. आणि आज तेच वाक्य पोरांनी फोनची रिंगटोन करून ठेवलंय. लातूरहून एका मुलाने आम्हाला लिहिलं, होस्टेलवर दिवसभरात मला हे विचारणारा गोमाजीभाऊ सोडून दुसरं कोणी नाही. मामांना मी ते वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "उभो जलम मरण्यात गेलो, गो बाय. तुझ्या खेळात तेवढो जितो रवलंय."

आणि आता सौमित्रला शेवटच्या भागात धक्का द्यायचाय. सौमित्र आमचा मालक. त्याचं म्हणणं, रक्त कुठे जातंय? गोमाजीच वीराच्या जेवणात विष घालतो, असं कर. मामा नसले तरी अडत नाही म्हणे. त्यांची जुनी रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला खायला घातली की ते हुबेहूब त्यांच्या आवाजात हवं ते बोलतं. मी नेमळ्याला मामींना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुका बरा वाटात तसा कर." घ्या! नाही म्हणाल्या असत्या तर सुटले असते. हे असं कोणी माझ्यावर सोपवलं की मी आणखीच अडकते.

तर विषाच्या वाक्याचा तो कागद माझ्या मांडीवर पडलेला आहे, कानात मामांच्या जुन्या रेकॉर्डिंगमधला खोकला आहे, आणि माझे डोळे मिटतायत.

हेडफोनमधला खोकला थांबतो. तोच खोकला माझ्या पाठीमागून येतो.

"हयसर थंडी किती गो!" मामा म्हणतात. "माणसां भाजी हत काय, ताजी रवाक?"

मी वळते. भिंतीचा फोम ओला लागतो हाताला, आणि तो फोम नाहीच, किल्ल्याचा काळा दगड आहे, त्याच्यावर शेवाळ. आम्ही गोमाजीच्या खानावळीत आहोत. हे मी लिहिलेलं ठिकाण आहे, मला इथलं मडकं न् मडकं ठाऊक. फक्त चुलीच्या जागी आमच्या मिरजेच्या घरातला गॅस आहे, त्याच्या एका बर्नरची कळ मोडलेली, आणि मामा पक्कडीने ती फिरवतायत. मामांच्या कपाळावर शिंग आहे. अंगात तोच चौकटीचा शर्ट, ज्यात ते रेकॉर्डिंगला यायचे.

"मामा, तुम्ही गेलात ना?"

"गेलंय तर. म्हणान काय येव नये?"

मला इतका आनंद होतो म्हणून सांगू! पोटातून येतो. मी त्यांचा हात धरते, तो उबदार आहे, नखांत नेहमीसारखा रंग अडकलेला. पण हातातला कागद काही खाली ठेवता येत नाही. बोटांना चिकटून बसलाय मेला.

"काय ता?" ते विचारतात.

मी सांगते. विष, वीर, सॉफ्टवेअर, सगळं एका दमात. सांगताना त्यांच्याकडे बघायची हिंमत होत नाही, म्हणून मी गॅसकडे बघत बोलते.

"कर गो," मामा म्हणतात. "एक रात आणखी राक्षस झालंय तर काय बिघडता? माका वायट वाटाचा नाय."

"खोटं बोलताय."

मामा हसतात. "मेल्यार खोटा बोलाक येता काय, ता बघत होतंय."

मी रागावते. स्वप्नातसुद्धा मला राग पटकन येतो. म्हणते, "चेष्टा पुरे. सांगा ना, काय करू? तुम्ही नको म्हणा, मी त्याला तोंडावर सांगते, मामा नको म्हणाले."

"वा! माझा नाव फुडे करून भांडतलंस? मी नेमळ्यात आसय की स्मशानात, ताच तुका म्हायत नाय."

ते खानावळीच्या दाराचा पडदा बाजूला सारतात आणि चालू लागतात. मी मागून जाते. पडद्यापलीकडे आमच्या ऑफिसचा लांब कॉरिडॉर आहे, पाणी पिण्याचं यंत्र आहे, त्याच्या पुढे देवळाचा मांडव. ट्यूबलाइटी लागल्यात, बाहेर टळटळीत ऊन आहे. दुपारचा दशावतार! कोणी ऐकला असेल का? पण लोक बसलेत चिक्कार. पुढे पोरं मांडी घालून, हातात गेमचे कंट्रोलर. मागे आमच्या गल्लीतल्या बायका. सौमित्र पेटीवर बसलाय, आणि त्याला पेटी येत नाही हे मला स्वप्नातही पक्कं माहीत आहे.

मामांचं तोंड रंगलेलं आहे. कधी रंगवलं कळलं नाही. लाल-काळे पट्टे, डोळ्यांभोवती पांढरं. दशावतारात सिंहासन म्हणून एक लाकडी बाकडं असतं, तिथे आमच्या ऑफिसची चाकांची खुर्ची आहे. मामा तिच्यावर बसतात आणि बसल्या बसल्या जरा मागे सरकतात. पोरं हसतात. मामा एक डोळा वटारतात. पोरं गप्प.

"मी मेघकाळ," ते मला हळूच सांगतात. "तू गोमाजी."

"मी? मला नाही येत! आणि वाक्यं कुठायत माझी?"

"वाक्यां कित्याक व्हयी? तोंड आसा मा?"

कागद बघते तर कोरा. आणि मामा उभे राहतात. आई गं! हा माणूस मला दोन वर्षं ठाऊक, चहात बिस्किट बुडवून खाणारा, पण आता मी दोन पावलं मागे सरते. आवाज असा येतो की मांडवाचं कापड फडफडतं.

"पणतू! माझं शिंग आहे तुझ्या कपाळी. माझं रक्त आहे तुझ्या अंगात. ते घाल त्याच्या ताटात आणि हो माझा!"

पखवाज वाजतो. पोरं श्वास रोखून बसलेली. लातूरचा तो मुलगा असणार, पहिल्याच रांगेत एक जण कंट्रोलर खाली ठेवून माझ्याकडे बघतोय. मी तोंड उघडते, काही येत नाही. मामा पुन्हा गर्जतात. तिसऱ्यांदा गर्जतात तेव्हा त्यांच्या रंगलेल्या तोंडातले डोळे मला विनवतायत, बोल गो, बोल.

मग मला वाचा फुटते. मी किंचाळते, आजवर कोणावर किंचाळले नाही तशी.

"पणजोबा, रक्त तुमचं असेल! चूल माझी आहे! माझ्या चुलीवरचं खाऊन आजवर कोणी मेलं नाही, आजही मरायचं नाही! तुम्हीही बसा, तुम्हालाही वाढते, पण माझ्या घरात ताटात विष पडणार नाही!"

मांडव दणाणतो. बायका पदर तोंडाला लावून हसतायत की रडतायत ते कळत नाही. मामांच्या तोंडावरचे लाल पट्टे रुंद होतात, इतके ते हसतात.

"हां! आता कसा बोललंस!"

आणि दोन्ही हात वर करून, गरगर फिरून, मामा धाडकन पडतात. राक्षस मेला.

मी धावत जाते. "मामा! अहो मामा, उठा ना!"

ते एक डोळा किलकिला करतात. "उगी रव. राक्षस मरल्याशिवाय खेळ संपना नाय."

"मला बोलायचंय तुमच्याशी."

"मेलेलो माणूस कधी बोलता काय गो? तू बोल. मी आयकतंय."

डोळा मिटतो. मी त्यांच्या शेजारी मांडवातल्या सतरंजीवर बसते आणि बोलते. म्हणते, मामा, मी पुस्तकी लिहायचे. तुम्ही मला चारचौघांत कधी हसला नाहीत, नुसतं बोलून दाखवलंत. माणूस माणसाला काय विचारतो ते मला तुमच्यामुळे ऐकू यायला लागलं. मामा, तुमचे फार फार उपकार आहेत माझ्यावर, आणि हे मी तुम्ही चहा पीत होतात तेव्हाच म्हणायला हवं होतं, पण तेव्हा आपण भांडत होतो, आणि ते भांडण मला इतकं आवडायचं की दुसरं काही सुचायचं नाही. मी बोलत राहते. मेलेल्या राक्षसाचं पोट हसू दाबल्यामुळे हलतंय. मग हळूहळू हलायचं थांबतं. मला वाईट वाटत नाही. पोरं उठून एकेक करून त्यांच्या पाया पडतायत आणि उन्हात निघून जातायत.

टकटक. टकटक.

काचेपलीकडे सौमित्र. मी खुर्चीत आहे, हेडफोन मानेवर घसरलेत, गाल ओले आहेत. तो दार उघडून आत डोकावतो. "काय ठरलं मग?"

मी बोलायला जाते आणि आवाजच निघत नाही. घसा पार बसलाय. डबा खाताना चांगली बडबडत होते, शेवग्याच्या शेंगेवरून ऑफिसातल्या दोघींशी वादही घातला होता, आणि आता रात्रभर खेळ केल्यासारखा घोगरा, खरखरीत आवाज येतोय. गिळताना दुखतंय. मी गळ्याला हात लावते. आत सगळं तापलंय.

"घशाला काय झालं तुझ्या?" सौमित्र विचारतो.

"गोमाजी विष घालणार नाही," मी म्हणते.

"हेमांगी, ऐक तरी..."

"नाही घालणार. आणि मामांच्या तोंडी मशीनचं एक अक्षर जाणार नाही. मामी नको म्हणाल्या नाहीत, मामाही नको म्हणाले नाहीत. मी म्हणतेय. तुला दुसरं कोणी लिहायला मिळत असेल तर खुशाल बघ."

त्या आवाजात मला स्वतःचीच जरा भीती वाटते. सौमित्र दाराला टेकून उभा राहतो. तो वाईट माणूस नाही हो. मामा गेल्याचं कळलं तेव्हा जिन्यात बसून रडला होता.

"बरं, राहू दे विष," तो शेवटी म्हणतो. "पण वीर खानावळीत येणार. पोरं गोमाजीला शोधणार. तो का नाही, हे काय सांगायचं त्यांना? मेला म्हणून?"

याचं उत्तर मी लिहिलेलं नाही. समोर माईक आहे. मी त्या बसलेल्या घशाने, गोमाजीची लेक होऊन, वीराला सांगते.

"बाबा बाजाराला गेलेत. येतील. तुम्ही हातपाय धुऊन घ्या, भाकरी तव्यावर आहे."

सौमित्र दार हळू ओढून घेतो, काचेपलीकडे जाऊन बसतो, रेकॉर्डिंगचा लाल दिवा लावतो आणि बोटाने खूण करतो, परत एकदा.

मी परत सांगते, बाबा बाजाराला गेलेत.