मोठेबाबांची गोफण

गाडी जुंपायच्या आधी मोठेबाबा आम्हा पाचही पोरांना ओट्यासमोर रांगेत उभं करायचे आणि प्रत्येकाला एकेक चापट ठेवून द्यायचे. कोणी काही केलेलं नसायचं. "हे आताच घ्या," म्हणायचे, "वावरात मले टाईम नसते." चापट मिळाली की गाडीत उडी मारायची मुभा. एका वर्षी माझ्या अंगात ताप होता, म्हणून त्यांनी मला वगळून पुढच्या पोराला चापट मारली. आज आपल्याला नेत नाहीत हे कळून मी असा गळा काढला की शेवटी त्यांनी मलाही एक दिली आणि घोंगडीत गुंडाळून गाडीत टाकलं.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मोताळ्याहून कोसभर आत आमचं गाव. महाराष्ट्र नवा नवा झाला होता त्या वेळची ही गोष्ट, मी तेव्हा दहा वर्षांची. चुलत-सख्खी मिळून आम्ही पाच पोरं एकाच चुलीवर वाढत होतो. मी सगळ्यांत मोठी आणि मोठेबाबांचा एकुलता एक गजानन सगळ्यांत लहान, सहा वर्षांचा. दसऱ्याचं सोनं वाटून झालं की दिवाळीपर्यंत शाळा सुटल्यावर आणि सुटीच्या दिवशी सकाळपासून मोठेबाबा आम्हाला वावरात न्यायचे. घरातल्या बायांना तेवढी उसंत मिळायची, आणि आम्हाला तर स्वर्गच मिळायचा. वावराच्या कडेच्या धुऱ्यावरच्या सीताफळांना डोळे पडले की ती उतरवायची, कडब्यात पिकत घालायची, वाहत्या पाटात बांध घालायचे, राघूंची पिसं गोळा करायची. भूक लागली की ज्वारीच्या ताटांच्या सावलीत बसून भाकर आणि ठेचा.

मार मात्र दिवसभर चालू असायचा. मोठेबाबांचा हात आधी उठायचा आणि कारण नंतर सापडायचं. कपाशीची बोंडं तोडली, मार. बैलाच्या पुढून पळालं, मार. पडून गुडघा फोडून घेतला तर त्यावर आणखी एक. "रडतं कायले बे? जित्ता हायेस न?" हे त्यांचं पालुपद. फार चिडले की म्हणायचे, "हाडं मोजून ठिव आपले. संध्याकायी कमी भरतीन." आमच्याकडे मारणारी माणसं पुष्कळ होती, पण मारून झाल्यावर त्याच हातानं सीताफळ फोडून, त्यातल्या बिया काढून गर भरवणारे तेवढे हेच. त्यामुळे आम्ही त्यांना भ्यायचो आणि त्यांच्याच मागे मागे फिरायचो. मोठ्या माणसांना हे विचित्र वाटतं. पोरांना वाटत नाही.

कापूस वेचायला सुरुवात होण्याआधी आमच्याकडे सीतादही करतात. पऱ्हाटीच्या चार झाडांची पूजा करून दहीभात शिंपडायचा आणि मगच पहिलं बोंड वेचायचं. त्या वर्षी मोठ्याईनं, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोनं, कुंकू लावायला हात पुढे केला आणि झाडाच्या बुडाशी नाग दिसला. मोठेबाबांनी तिला दंडाला धरून इतक्या जोरात मागे फेकलं की तिच्या बांगड्या फुटल्या. मग काठी घेऊन त्यांनी नाग मारला. तो पहिल्या दोन तडाख्यांतच मेला होता. मोठेबाबा मारत राहिले. काठी मोडली तेव्हा थांबले, आणि दहीभाताचं भांडं उचलून म्हणाले, "हं, चाल, पूजा आटप." मोठ्याईच्या मनगटातून रक्त येत होतं. तिनं ते पदराला पुसलं आणि पूजा आटोपली. आम्ही पोरं त्या सापाकडे बघत होतो. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की यांना थांबायचं कधी, हे कळत नाही.

त्याच महिन्यात एका मेंढपाळाची मेंढरं आमच्या ज्वारीत शिरली. मोठेबाबा शिव्या देत धावले, तोही काही कमी नव्हता. दोघांनी एकमेकांना काठ्यांनी असं बडवलं की एकाचं कपाळ आणि दुसऱ्याचा ओठ फुटला. आमच्यातली दोघं रडायला लागली. थोड्या वेळानं मोठेबाबा रक्त पुसत परत आले ते हसतच. "गडी चांगला हाये," म्हणाले. मग मला म्हणाले, "सुशे, घागर आन. जखम धू." मी धुतली. माझा हात थरथरला नाही, म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थापही लागलीच.

ह्या न थरथरणाऱ्या हातामुळेच बहुधा त्यांनी मला गोफण शिकवायला घेतली. ज्वारी निसवून कणसात दाणा भरला की पाखरांच्या झुंडी उतरतात. वावराच्या मधोमध चार खांबांवर माळा बांधलेला असतो, त्यावर उभं राहून गोफणीनं दगड फेकून ती हाकलायची. मोठेबाबांनी अंबाडीचा वाख वळून माझ्यापुरती लहान गोफण केली. पोरीच्या हातात गोफण बघून आई कुरकुरली, तर तिला म्हणाले, "पोट्ट्यायच्या हातात नेम नाही, हिच्या हातात हाये. म्या काय करू?" आठवडाभरात मी बाभळीच्या बुंध्याला दगड लावायला लागले. माझ्या आयुष्यात तोवर मला कोणी कशातही पहिलं म्हटलं नव्हतं. मोठेबाबांनी म्हटलं. मी त्या माणसासाठी विहिरीत उडी मारली असती.

गोफणीचा नियम एकच होता. दगड सोडायच्या आधी तीनदा ओरडायचं, "हो हो हो!" ओरडणं ऐकलं की खाली असलेल्या पोरांनी जिथे असतील तिथून पळत माळ्याच्या मागे यायचं. "वरडल्याबिगर गोटा सोडला," मोठेबाबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "त हात मुयापासून तोडीन." ही धमकी मी खरी मानली होती. पोरंही मानत होती. ओरडणं झालं नाही तोवर वावरात कुठेही फिरावं, हे सगळ्यांत लहान गजाननलाही पाठ होतं.

दिवाळीला दहाएक दिवस असतील. मोठ्याईचा भाऊ चिखलीहून आला होता. धान्याच्या बाजारात त्याचं दुकान, अंगावर इस्त्रीचे कपडे. मोठेबाबांनी त्याला वावरात आणून माझी फुशारकी मारली, "माही पोरगी बसला राघू पाडते." तो हसला. "पोरगी? राघू?" म्हणाला आणि खाली चादरीवर बसून पान जमवायला लागला. मोठेबाबांचा चेहरा लाल झाला. ते माझ्यापाशी माळ्यावर चढले. समोरच्या धुऱ्याकडे कणसांवर राघूंची झुंड बसली होती. मी तोंडाशी हात नेला, तर त्यांनी तो खाली ओढला.

"आज वरडू नको," ते माझ्या कानात म्हणाले. "वरडली का उडून जाईन."

"पोरं खाली हायेत, मोठेबाबा."

"पोट्टे मांगं हायेत. म्या पायलं. सोड."

मी सोडला. राघू पडला नाही. झुंड उडाली आणि धुऱ्याकडून एक किंकाळी आली. गजानन पिसं वेचायला तिकडे गेला होता. ओरडणं झालं नव्हतं, म्हणून तो निवांत कणसांच्या आड वाकला होता, आणि नेमका तेव्हा उठून उभा राहिला. आम्ही पोचलो तेव्हा तो दोन्ही हातांनी चेहरा धरून बसला होता आणि बोटांमधून रक्त गळत होतं. एका मुठीत हिरवी पिसं अजून तशीच होती. मोठेबाबांनी त्याला उचललं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गाडीनं मोताळा, तिथून मोटारीनं बुलढाण्याचा दवाखाना.

उजवा डोळा गेला.

नवव्या दिवशी ते परत आले. त्या नऊ दिवसांत माझ्याशी घरात कोणी बोललं नव्हतं. आईनं दोनदा मारलं, मोठ्याईनं हात उगारून खाली घेतला, ते जास्त लागलं. मी मनाशी म्हणत होते, मोठेबाबा आले की सांगतील. त्यांनीच तर सांगितलं होतं. ते आले, गजाननला मोठ्याईच्या मांडीवर ठेवलं, आणि सगळं घर अंगणात उभं असताना मला हाक मारली.

"वरडली होती का तू?"

मला वाटलं, आता ते सांगणार. मी म्हटलं, "नाही. तुमीच म्हनलं..."

पुढचं मला बोलता आलं नाही. पहिली थप्पड डाव्या कानावर बसली. मी पुन्हा "तुमीच" म्हटलं, तेव्हा त्यांनी सरपणातली पऱ्हाटी ओढली. जितक्यांदा तो शब्द तोंडातून निघाला तितक्यांदा मारलं. शेवटी मी तो म्हणायची थांबले, आणि तेही थांबले. कोणी मध्ये पडलं नाही. माझे वडील गोठ्याच्या दारात खाली मान घालून उभे होते. त्या दिवसापासून माझ्या डाव्या कानाला ऐकू येत नाही. घरात मात्र त्याची कधी मोजदाद झाली नाही, कारण डोळ्यापुढे कान म्हणजे काय!

मोठेबाबांनी नंतर पोरांना वावरात नेणं बंद केलं. रांगेतली चापटही बंद झाली. त्यांनी कोणावरच हात उचलला नाही पुन्हा, बैलावरसुद्धा नाही. गावातले लोक म्हणायचे, पोराच्या दुःखानं माणूस निवला. मला ते ऐकून संताप यायचा. मी वाढलेल्या ताटावर ते बसायचे नाहीत, काहीतरी निमित्त काढून उठायचे. आणि "सुशीनं गजाननचा डोळा फोडला" हे वाक्य माझ्याआधी माझ्या सासरी, चिखलीला पोचलं. मी चुलीपाशी उलथनं हातात घेतलं की माझी सासू माझ्याच लेकराला उचलून बाहेर न्यायची. माहेरी-सासरी मिळून सोळा वर्षं मी हे सोसलं. खरं सांगितलं असतं तर कोणी मानलं नसतं, आणि त्या पऱ्हाटीनं माझ्या तोंडातला तो शब्द कायमचा काढून टाकला होता.

एकट्या गजाननला माझा राग नव्हता. पोरपणी अंधूक जागी तो माझंच बोट धरायचा. "ताईनं काई मुद्दाम नाही मारलं," एवढंच म्हणायचा. तो बावीस वर्षांचा झाला तेव्हा सुलतानपूरकडून स्थळ आलं. दिवाळीचे दिवस होते, मी पोरांना घेऊन माहेरी आले होते. बैठकीत पोह्यांच्या बशा मीच फिरवत होते. मुलीचे वडील सरळ माणूस. त्यांनी विचारलं, "डोळा जन्मतः असा आहे का? राग मानू नका, पुढं लेकरंबाळं व्हायची, म्हणून विचारतो."

माझ्या वडिलांनी नेहमीचं उत्तर दिलं. जन्मतः नाही, लहानपणी ह्या आमच्या मुलीच्या हातून गोफणीचा दगड लागला. पाहुण्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. "ह्याच का त्या?" त्यांच्या नजरेत मला माझी सासू दिसली.

"थांबा," मोठेबाबा म्हणाले.

ते भिंतीला टेकून बसले होते. सावरून बसले. "तिनं नाही. म्या. मेव्हन्यासमोर मोठेपना कराचा होता मले. तिले म्हनलं, वरडू नको. पोरगी म्हने, पोरं हायेत. म्या पायलं नव्हतं, अन् सांगतलं का पायलं." पुढे म्हणाले, "मंग घरी आल्यावर तिले मारलं. चूक झाली म्हून नाही मारलं. तिनं तोंड उघडू नये म्हून मारलं."

माझ्या हातातली बशी कलली आणि पोहे सतरंजीवर सांडले. मग गजानन उठला. दोन पावलांत बापापाशी गेला आणि त्यानं त्यांच्या थोबाडीत मारली. अशी मारली की मोठेबाबांचं डोकं भिंतीवर आपटलं आणि पागोटं खाली पडलं. दुसऱ्यांदा त्याचा हात वर गेला. मी त्याच्या सगळ्यांत जवळ उभी होते. मला तो हात धरता आला असता. मी धरला नाही.

दुसरी थप्पड खाऊन मोठेबाबांनी ओठाचं रक्त धोतराला पुसलं, पागोटं उचलून मांडीवर ठेवलं आणि पाहुण्यांना म्हणाले, "पोराच्या हातात जोर हाये. तुमची पोरगी उपाशी राहनार नाही." पाहुणे म्हणाले, "घर खरं बोलणारं आहे." सोळा वर्षांनी बोललं, हे माझ्या जिभेवर आलं होतं, पण गजाननचं लग्न मोडायचं नव्हतं मला. लग्न झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपुढे बसले होते. मोठेबाबा स्वयंपाकघराच्या दाराशी आले, आत मात्र आले नाहीत. त्यांचा गाल सुजून काळा पडला होता.

"रागात हायेस?"

"हाव."

"लय?"

"हाव."

मग आत येऊन माझ्यासमोर पाट ओढून बसले. "वाढ," म्हणाले. मी भाकर वाढली. सोळा वर्षांनी ते माझ्या हातचं जेवले, एका बाजूनं चावत, सावकाश. आणखी हवी का म्हणून मी विचारलं नाही, त्यांनीही मागितली नाही.

दोन वर्षांनी मार्गशीर्षात ते गेले. मी चिखलीहून पहिल्या मोटारीनं गेले आणि आवाज बसेपर्यंत रडले. माझ्या बापासाठीसुद्धा मी एवढी रडले नाही. बाया मला धरून म्हणत होत्या, "केवढा जीव होता हिचा काकावर." होताच. पण तेव्हा कोणी मला विचारलं असतं की त्यांना माफ केलंस का, तर त्यांच्या तिरडीशेजारी बसून मी नाही म्हटलं असतं. आजही नाहीच म्हणते.